तळ्यावरचा वारकरी

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥



या पानांतून आम्ही आपल्यापुढे नेहमी एखादे निरूपण ठेवतो. या खेपेस मात्र निरूपणाआधी आम्हांला आमचा एक अपराध सांगावयाचा आहे. दुसऱ्याचे दोष दृष्टांत करून सांगावेत आणि आपले शेल्याखाली झाकावेत, ही आम्हां कीर्तनकारांची जुनी खोड. संतांची रीत याच्या उलट. त्यांनी आपले उणे देवापुढे तर सांगितलेच, पण लोकांपुढेही लपविले नाही. त्यांच्या नावावर ज्याची भाकरी चालते, त्याने एकदा तरी त्यांच्या वाटेने जावे, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या गावाच्या पश्चिमेस एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर गावच्या माणसांनी पाट्या वाहून तो बांधला. तेव्हा आम्ही गावात नव्हतो. संस्कृत पाठशाळेत अमरकोश घोकीत होतो. दुसऱ्या कांडातला सिंहादिवर्ग आला, त्यात पाण्यावरच्या पाखरांची नावे आली. कारंडव, मद्गु, प्लव. पाठ झाली. कारंडव म्हणजे कोण, असे कोणी विचारले की 'पक्षिविशेष' म्हणावयाचे. विचारणारा गप्प, सांगणारा मोकळा. पन्नास वर्षे लोटली, पण त्या तळ्याच्या काठी बसून पाण्यावर कोण पोहते हे पाहावे, असे आमच्या मनात कधी आले नाही.

त्या तळ्यावर हिवाळ्यात काळी पाखरे उतरतात. अंग पाटीसारखे काळेभोर, चोच पांढरी, आणि चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढराशुभ्र टिळा. लांबून पाहावे तर कोणी गोपीचंदन लावून स्नानास उतरला आहे असे वाटावे. या पाखराला आपल्या मराठीत नावच 'वारकरी' आहे. कोणी चांदवा म्हणतात, कोणी नामकाल्या म्हणतात; पण वारकरी हे नाव सर्वांत गोड. काही जोड्या इकडेच राहतात, पावसाळ्यात लव्हाळ्यांत घरटी करतात. थंडीत उत्तरेकडून, हिमालयापलीकडून आणखी थवे येऊन त्यांना मिळतात. त्याची बोटे बदकासारखी पडद्याने जोडलेली नसतात. प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या पाळ्या असतात. आणि गंमत अशी की, बसल्या जागेवरून त्याला उडता येत नाही. पाण्यावर टपटप पावले टाकीत तो दूरवर धावतो, मग कुठे पंख हवा धरतात. पायांनी धावल्याशिवाय या वारकऱ्याला आकाश मिळत नाही. हे सारे आम्हांला आता ठाऊक आहे. तेव्हा नव्हते.

शके १९४६, म्हणजे २०२५ ची रथसप्तमी. माघवारीला आमची दिंडी दुसऱ्या दिवशी निघावयाची होती. सकाळी मुले ओरडत आली, "महाराज, तळ्यावर वारकरी अडकलाय !" आम्हांला वाटले कोणी माणूस गाळात रुतला. जाऊन पाहतो तो काठच्या पाणगवतात हे पाखरू. तंगुसाचे तुटके जाळे त्याच्या एका पायाला आणि पंखाला गुंडाळले गेले होते. सुटण्यासाठी ते जितके धडपडले असेल, तितका दोरा मांसात शिरला होता. पायाची कातडी सोलून निघाली होती. आमचे काळीज हलले, हे खोटे नाही.

तिथे आमच्या गावचे एक भोई उभे होते. वय आमच्याहून चार-सहा वर्षांनी अधिक. त्यांना सारे गाव तात्या म्हणते. त्यांनी अंगावरचे फडके पाखरावर टाकले, अलगद उचलले, आणि जाळ्याचा लोंबता भाग विळ्याने कापून त्याला मोकळे केले. मांसात रुतलेल्या दोऱ्याला मात्र हात लावला नाही. आम्हांला म्हणाले, "म्हाराज, ही माणसं आधी लांब करा, त्ये भ्यालंय. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून अंधारात ठिवा. पाणीबिणी काय पाजू नगा. फारेष्टवाल्यांना फोन करा, त्यांचा डाक्टर बघल."

सज्जनहो, आम्ही काय उत्तर दिले ते लिहिताना हात जड होतो. आम्ही म्हणालो, "तात्या, जाळी टाकणाऱ्याने जीव कसा वाचवावा हे आम्हांला शिकवू नये." भोवती पंचवीस-तीस माणसे होती. काही हसली. तात्यांनी फडक्यासकट पाखरू आमच्या हाती दिले. "बरं म्हाराज," एवढेच म्हणाले आणि गेले.

आम्ही ते घरी आणले. वार्ता गावभर झाली, की वारीच्या आदल्या दिवशी महाराजांकडे वारकरी पक्षी आला. मग काय विचारता ! ओसरीवर रीघ लागली. कोणी मोबाईलवर छायाचित्र काढी, कोणी लेकराला उचलून जवळून दाखवी. आम्ही पाखरू मांडीवर घेऊन बसलो. पायात रुतलेला दोरा आम्हीच कात्रीने काढला. रक्त आले, त्यावर हळद दाबली. दूधभाकरी कुस्करून चोचीशी धरली. ते खाईना. कोणी म्हणाले, कपाळी बुक्का लावा, लावला. शेवटी आम्ही देवघरातून चंद्रभागेचे पाणी आणले. नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी गंगेची कावड रिती केली, ती कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली आहे. तीच मनात होती. घरातून आवाज आला, "अहो, त्याला नको असेल तर राहू द्या ना." आम्ही ऐकले नाही. एका हाताने चोच उघडली आणि पळीने तीर्थ आत सोडले. दोनदा सोडले. पाखराने मान झटकली. मग ते अगदी निश्चल झाले. डोळे अर्धवट मिटले.

आम्ही लोकांना म्हणालो, "पाहा, कसा शांत झाला. नामस्मरणात आहे." लोकांनी हात जोडले.

रात्री देवळात आमचे कीर्तन होते. विषय अर्थातच भूतदया. सकाळचा प्रसंग रंगवून सांगितला, लोकांचे डोळे ओलावले, टाळ्या पडल्या. कीर्तन आटोपून घरी आलो तो ओसरीवर दिवा जळत होता आणि घरातली माणसे गप्प बसली होती. पाखरू टोपलीत मान टाकून पडले होते. अंग अजून ऊन होते. म्हणजे आम्ही देवळात दयेचा महिमा गात होतो, त्याच घटकेला ते इकडे प्राण सोडीत होते.

सकाळी वनखात्याला कळविले. वनरक्षक आले, सोबत एक तरुण पशुवैद्य होते. त्यांनी पाखराची चोच उघडून आम्हांला दाखविली. पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोच उघडून वरून पाणी ओतले की ते पोटात जाण्याऐवजी छातीत उतरते. दूध तर पक्ष्याच्या कोठ्याचे अन्नच नव्हे. आणि रुतलेला दोरा ओढून काढला की जखम वाहू लागते. आम्ही विचारले, "पण ते शांत झाले होते ना ?" डॉक्टर म्हणाले, "महाराज, ती शांती नव्हती. पळता येत नाही असे कळले की रानातला जीव भीतीने असा थिजतो. पुष्कळ पाखरे जखमेपेक्षा त्या भीतीनेच मरतात."

ज्याला आम्ही नामस्मरण म्हटले, ती दहशत होती. लोकांना हात जोडावयास लावले ते एका जीवाच्या भयापुढे.

येथे कोणी शंका घेईल, 'महाराज, भाव तर शुद्ध होता ? मग दोष कसला ? आणि तीर्थाने कोणाचे वाईट होते काय ?' शंका योग्य आहे. आमच्या मनानेही पंढरीच्या वाटेवर हीच ढाल पुढे केली होती. तिचे समाधान असे.

तीर्थाचा दोष नाही. दोष ओतणाऱ्या हाताचा. आणि भाव म्हणाल तर तो आमच्या अंतरी होता. पाखराला भाव मिळाला नाही, पळीभर पाणी मिळाले. वैद्याने मोठ्या मायेने चुकीची मात्रा दिली, तर रोग्याच्या पोटात माया जात नाही, मात्रा जाते. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दान सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विचार घातला आहे. तो विचार काढून टाकला तर देणाऱ्याचे समाधान होते आणि घेणाऱ्याचे काय झाले ते पाहण्यास कोणी उरत नाही.

आता व्याकरणातली एक गोष्ट सांगतो. 'दया' हा शब्द दय् धातूपासून झाला. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात त्या धातूचे पाच अर्थ दिले आहेत : दान, गती, रक्षण, हिंसा आणि आदान. दान म्हणजे देणे, आदान म्हणजे घेणे. दान-रक्षण समजले, पण दयेच्या पोटात हिंसा कशी? विद्यार्थीदशेत आम्ही हे गुरुजींना विचारलेही नाही. पाच अर्थ लिहिले आणि गुण घेतले. त्याचा अर्थ आम्हांला साठी उलटल्यावर, टोपलीतल्या त्या पाखराने सांगितला.

पाहा कसे ते. वैयाकरणांचा संकेत आहे की, ज्या धातूचा अर्थ गती, त्याचा अर्थ ज्ञानही होतो. जाणे आणि जाणणे एकच. म्हणजे दान आणि रक्षण यांच्या मध्ये गती बसली आहे. आधी त्या जीवापर्यंत जायचं, त्याला काय हवं ते जाणायचं, मग दिलेलं त्याचं रक्षण करतं. मधली ही गती गळाली की पुढे काय उरते ? हिंसा आणि आदान. आमच्या हातून नेमके तेच झाले. पाखराच्या वाट्याला हिंसा आली आणि आम्ही टाळ्या घेतल्या. दयेच्या धंद्यात आम्ही घेणारे ठरलो.

याच दृष्टीने नाथांची कथा पुन्हा पाहू. वाळवंटात गाढव तडफडत होते. ते तहानेने तडफडते आहे, हे नाथांनी आधी पाहिले, मग कावड सोडली. तहान होती म्हणून पाणी दिले. आमच्या पाखराला तहान नव्हती. ते तर जन्मभर पाण्यात राहणारे. त्याला हवा होता अंधार, एकांत आणि जाणता हात. आम्ही नाथांची कृती उचलली, नाथांची नजर उचलली नाही. संतांचे अनुकरण करताना असा घात फार होतो.

तुकोबारायांची अशीच एक आख्यायिका आपल्यात सांगतात. ते वाटेने जात असता झाडावरची पाखरे भुर्रकन उडाली. पाखरे आपल्याला भ्याली, याचेच तुकोबांना दुःख झाले. त्यांनी काय केले ? पाखरे धरावयास धावले नाहीत. आपणच श्वास आवरून स्तब्ध उभे राहिले, ती निर्भय होऊन अंगाखांद्यावर येऊन बसेपर्यंत. भीती पाखराची, पण ती घालविण्याची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. आम्ही मात्र भ्यालेल्या पाखराला मांडीवर दाबून धरले आणि त्याच्या भीतीला भक्ती म्हटले.

आणि ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण येते तिथे माउलींनी पाऊल कसे टाकावे, हात कसा आवरावा, इथपर्यंत सांगितले आहे. आम्ही ते निरूपण किती वेळा वाचले असेल ! वाटे, हा काव्याचा विस्तार आहे. आता वाटते, माउलींना ठाऊक होते की दयाळू माणसाच्या हातूनच अपघात होतात. क्रूर माणूस पाखराच्या जवळ जातो तो मारायला. त्याला कोणी निरूपण सांगत नाही. सांगावे लागते ते आमच्यासारख्यांना, जे कळवळून धावतात.

मग धावूच नये काय ? तसे नव्हे. कळवळा नसेल तर माणूस आणि काठावरचा दगड यांत फरक काय ? कळवळ्याने धावावे, पण जवळ गेल्यावर थांबावे, आणि जो जाणतो त्याचे ऐकावे, मग त्याच्या गळ्यात माळ असो वा नसो. आम्ही त्या दिवशी तात्यांचे ऐकले नाही, ते त्यांना काही कळत नव्हते म्हणून नव्हे. एका भोयाने चारचौघांत आम्हांला शिकवावे, हे आम्हांला सोसले नाही. ज्या पंथात एकमेकांच्या पाया पडताना कोणी जात विचारीत नाही, त्या पंथाचा टिळा कपाळी लावून आम्ही हे केले. पाखराच्या मरणाइतकेच हेही पाप आहे.

पंढरीहून परतलो ते आधी तात्यांच्या घरी गेलो आणि त्यांचे पाय धरले. ते गडबडून मागे सरले. "म्हाराज, असं काय करताय ! ते जाळं बी आमच्यातल्याच कुणाचं तरी हुतं," म्हणाले. मग बराच वेळ बोलले. पूर्वी सुताची, तागाची जाळी असत. तुटली तर पाण्यात कुजून जात. तंगूस कुजत नाही. तुटका तुकडा वर्षानुवर्षे पाण्यात तसाच राहतो आणि कोणी धनी नसताना मासे, कासवे, पाखरे धरीत बसतो. आम्ही म्हणालो, "तात्या, हे तुमच्या मनात होते तर बोलला का नाहीत ?" ते म्हणाले, "इचारलं कुनी ?"

चैत्रात पाणी ओसरले तेव्हा दिंडीतली माणसे आणि भोईवाड्यातली माणसे मिळून काठाकाठाने हिंडलो. जाळ्यांचे तुकडे, गळाचे दोरे आणि संक्रांतीचा नायलॉनचा मांजा गोळा केला. दोन पोती भरली. नायलॉनच्या मांजावर हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, तरी तो आमच्या तळ्यात होता. तात्यांची मासेमारी चालू आहे. तो त्यांचा धंदा आहे आणि त्यात आम्ही लुडबुड करीत नाही. पण तुटलेले जाळे पाण्यात टाकावयाचे नाही, हे भोईवाड्याने आपणहून ठरविले.

आपण वारीला चालणारी माणसे. वाटेत तळी, ओढे, कालवे लागतात. जखमी पाखरू कधीतरी आपल्यालाही दिसेल. म्हणून शिकलो ते थोडक्यात सांगतो. गर्दी आधी मागे सारावी. पाखरावर हलके फडके टाकावे, म्हणजे अंधार होऊन ते निवते. बगळा, करकोचा अशा लांब चोचीच्या पाखरापासून आपले डोळे जपावेत. भ्यालेले पाखरू नेम धरून चोच मारते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकावे आणि उबेच्या, शांत जागी ठेवावे. तोंडात पाणी, दूध, भाकरी काही घालू नये. मांसात रुतलेला गळ वा दोरा ओढू नये. पुनःपुन्हा उघडून पाहू नये. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावर कळवावे. रानपक्षी घरी बाळगणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे. हात साबणाने धुवावेत. आणि एकाच जागी पुष्कळ पाखरे मेलेली दिसली तर त्यांना मुळीच शिवू नये. पाखरांच्या साथी असतात, नुसते कळवावे.

एवढे करूनही पाखरू वाचेलच असे नाही. त्याबद्दल रामायणात पाहावे. जटायूचे पंख तुटले होते, आणि प्रत्यक्ष प्रभू रामचंद्र जवळ असूनही तो वाचला नाही. आपल्या नाशिककडे टाकेद येथे ते स्थान दाखवितात. रामाने काय केले ? त्याचे म्हणणे ऐकून घेतले, आणि तो गेल्यावर पित्यासारखी त्याची उत्तरक्रिया केली, गोदेचे पाणी दिले. पाणी दिले ते त्या वेळी. मरणाऱ्याला न वाचविता येणे हा दोष नव्हे. तो कोण आहे, त्याला काय हवे आहे, हे न पाहता आपल्या हौसेने त्याच्यावर दया करणे हा दोष आहे.

पुढे कार्तिकात तळ्याच्या काठी एक गायबगळा पडलेला सापडला. तात्यांच्या नातीने फडके टाकून त्याच्यावर टोपली पालथी घातली, माणसे हटविली आणि फोन केला. आम्ही तिथेच होतो. आमचे काम एवढेच होते, की मुलांना जवळ येऊ द्यायचे नाही आणि स्वतः टोपली उचलून बघायचे नाही. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड गेले. तासाभराने वनरक्षक आले आणि त्याला घेऊन गेले. तो बगळा बरा झाला का, हे विचारावयास आम्ही गेलो नाही. त्याला आमच्याकडून जे हवे होते ते देऊन झाले होते.

आजही हिवाळ्यात तळ्यावर वारकरी उतरतात. आम्ही सकाळी काठावर जाऊन बसतो, लांब, लव्हाळ्याच्या आडाला. ते पाण्यावर पावले टाकीत धावतात आणि उडतात. आता कोणी विचारले, "महाराज, हा कोणता पक्षी ?" तर 'पक्षिविशेष' म्हणून सुटत नाही. जे ठाऊक आहे ते सांगतो. आणि पुढचे तात्यांना विचारा म्हणतो.

वाचकहो, या लेखाला आपण नमस्कार करू नये. आपल्या गावच्या तळ्यावर, पाणी ओसरले की एकदा जाऊन यावे, आणि एक रिकामे पोते बरोबर न्यावे.

रामकृष्णहरि !